टीव्हीच्या पोटातला परवाना

टीव्हीच्या सेटिंग्जमध्ये शिरून ‘कायदेशीर माहिती’ किंवा तत्सम नावाच्या कोपऱ्यात गेले, की ‘ओपन सोर्स लायसन्सेस’ असे एक पान उघडते. बारीक टायपातला, संपता न संपणारा इंग्रजी मजकूर. तो वाचण्यासाठी कोणी टीव्ही घेत नाही, आणि तो कोणी वाचावा अशी कंपनीचीही इच्छा दिसत नाही. असती तर रिमोटचा खालचा बाण दाबत बसण्याची शिक्षा वाचणाऱ्याला दिली नसती. त्या मजकुरात बहुधा जीएनयू जनरल पब्लिक लायसन्सची, म्हणजे जीपीएलची, प्रत असते. नियमाने वागणारी कंपनी असेल तर जोडीला एक देकारही असतो: या यंत्रातल्या अमुक सॉफ्टवेअरचा मूळ कोड हवा असेल तर मागा, आम्ही देऊ. हे कंपनीचे औदार्य नव्हे. ज्यांनी लिहिलेल्या कोडवर तो टीव्ही चालतो, त्यांनी कोड फुकट वापरू देताना घातलेली ती अट आहे. या पुस्तकाचा विषय हा देकार आहे: तो कोणी कोणाला दिला, तो पाळला जात नाही तेव्हा काय होते, आणि तो पाळायला लावण्याचा अधिकार कोणाचा. शेवटच्या प्रश्नाचे माझे उत्तर आधीच सांगून टाकतो. तो अधिकार यंत्र विकत घेणाऱ्याचा असला पाहिजे. आजवर तो कोड लिहिणाऱ्याचाच आहे असे धरून सगळा व्यवहार चालला, आणि घरगुती इलेक्ट्रॉनिक्समध्ये हा परवाना पुष्कळसा कागदावरच राहिला त्याचे मुख्य कारण मला तिथे दिसते.

रिचर्ड स्टॉलमन यांनी 1983 मध्ये जीएनयू प्रकल्प जाहीर केला. त्यामागची एक गोष्ट ते स्वतः सांगत आले आहेत, ती एमआयटीच्या प्रयोगशाळेतल्या झेरॉक्स कंपनीच्या लेझर प्रिंटरची. कागद अडकला की प्रिंटरने वापरणाऱ्यांना कळवावे, एवढी सुधारणा त्यांना करायची होती. पण त्या प्रिंटरच्या प्रोग्रॅमचा मूळ कोड त्यांना मिळाला नाही. म्हणजे या सगळ्या चळवळीच्या मुळाशी एक यंत्र होते आणि ते यंत्र वापरणारा, अडलेला माणूस होता. पुढे जीपीएलकडे प्रोग्रॅमर मंडळींचा आपापसातला देवघेवीचा व्यवहार म्हणून पाहण्याची सवय पडली, म्हणून ही सुरुवात मुद्दाम नोंदवली. परवान्याची दुसरी आवृत्ती जून 1991 मध्ये आली आणि पुढच्याच वर्षी लिनस टोरवाल्ड्स यांनी आपले लिनक्स कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, त्याखाली आणले. तिच्या तिसऱ्या कलमाचा आशय असा: तुम्ही चालते सॉफ्टवेअर कोणाला दिलेत, तर त्याचा मूळ कोडही सोबत द्या, नाहीतर किमान तीन वर्षे मुदतीचा लेखी देकार द्या, आणि मागणाऱ्याकडून प्रत करून देण्याच्या खर्चापलीकडे काही घेऊ नका. ‘मूळ कोड’ म्हणजे नुसत्या फायली नव्हेत. त्यापासून चालते सॉफ्टवेअर तयार करायला आणि ते बसवायला लागणाऱ्या स्क्रिप्ट्सही त्यात येतात, असे ते कलम स्पष्ट म्हणते. सहावे कलम त्याहून महत्त्वाचे. सॉफ्टवेअर कितीही हातांतून फिरत आले असो, शेवटी ज्याच्या हाती ते पडते त्याला परवाना थेट मूळ लेखकाकडून मिळतो. मधला कोणीही विक्रेता त्या हक्कांना कात्री लावू शकत नाही.

घरगुती यंत्रांच्या धंद्याला लिनक्स का हवेसे वाटले ते उघड आहे. परवाना शुल्क नाही, आणि यंत्रानुसार हवे तसे कापता-जोडता येते. बिझीबॉक्स नावाच्या छोट्या प्रोग्रॅमने युनिक्समधली शेकडो अवजारे एकाच फायलीत कोंबलेली, त्यामुळे मोजक्या मेमरीच्या यंत्रातही सगळे मावू लागले. चिप बनवणारी कंपनी लिनक्सची तयार मोट बांधून देते, दुसरी कंपनी बोर्ड बनवते, तिसरी त्यावर आपले नाव छापते. कोड मागायला जावे तर नाव छापणारी म्हणते, आमच्याकडे नाही; बोर्डवाली चिपवाल्याकडे बोट दाखवते; चिपवाल्याचा ग्राहक तुम्ही नसताच.

हा तिढा पहिल्यांदा ठळकपणे दिसला तो एका निळ्या-काळ्या राउटरमध्ये. लिंकसिसने डब्ल्यूआरटी54जी हा वायफाय राउटर 2002 च्या अखेरीस बाजारात आणला, आणि मार्च 2003 मध्ये सिस्कोने सुमारे 50 कोटी डॉलरला लिंकसिस विकत घेण्याचे जाहीर केले. दोन-तीन महिन्यांतच लिनक्सच्या विकासकांनी दाखवून दिले की त्या राउटरच्या फर्मवेअरमध्ये लिनक्स आहे आणि मूळ कोड मात्र कुठेच दिलेला नाही. सॉफ्टवेअर आले होते ब्रॉडकॉमच्या चिपसोबत. सिस्कोने एवढी रक्कम मोजताना पुरवठ्याच्या साखळीत तळाशी काय बांधून आले आहे हे पाहिले नव्हते. दबाव वाढल्यावर 2003 मध्येच कोड प्रसिद्ध झाला, आणि पुढे जे घडले तो या विषयातला सर्वांत बोलका पुरावा आहे. त्या कोडवरून 2004 मध्ये ओपनडब्ल्यूआरटी हा प्रकल्प उभा राहिला. घरातला साधा राउटर एकदम कंपनीने न दिलेली कामे करू लागला: वाहतुकीचे नियमन, व्हीपीएन, अनेक राउटर जोडून पसरवलेले जाळे. 2005 मध्ये लिंकसिसने त्याच नावाच्या पुढच्या आवृत्तीतून मेमरी कमी करून लिनक्स काढून टाकले. पण जुन्या प्रकाराला एवढे गिऱ्हाईक होते की लिनक्सवाला राउटर वेगळ्या नावाने पुन्हा विकायला काढावा लागला, आणि तो पुढे कित्येक वर्षे खपला. आज चिप बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या राउटर बनवणाऱ्यांना जी सॉफ्टवेअरची मोट देतात, तिच्याही बुडाशी अनेकदा ओपनडब्ल्यूआरटीच असते. ज्या उद्योगाकडून कोड ओढून काढावा लागला, त्याच उद्योगाचा तो पाया झाला.

एवढ्यावरून परवाना आपोआप पाळला जाऊ लागला असे वाटेल, पण तसे झाले नाही. हॅराल्ड वेल्टे या जर्मन विकासकाने 2004 मध्ये म्युनिकच्या न्यायालयातून साइटकॉम या राउटर कंपनीविरुद्ध मनाई हुकूम मिळवला. जीपीएल न्यायालयात टिकते हे त्यातून सिद्ध झाले. अमेरिकेत 2007 मध्ये बिझीबॉक्सच्या दोन लेखकांच्या वतीने पहिला दावा दाखल झाला, 2009 मध्ये एकाच वेळी चौदा प्रतिवादी उभे राहिले. त्यांत बेस्ट बाय, सॅमसंग, जेव्हीसी अशी घराघरांतली नावे होती. वेस्टिंगहाउस डिजिटल ही टीव्ही विकणारी कंपनी पुढे दाव्यात भागच घेईनाशी झाली. 2010 मध्ये तिच्यावर 90,000 डॉलरची भरपाई बसली आणि शिल्लक टीव्ही जमा करण्याचा आदेश निघाला. सिस्कोविरुद्ध फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने 2008 च्या डिसेंबरात दावा लावला, तो पुढच्या वर्षी तडजोडीने मिटला. यादी मोठी वाटते. दर वर्षी बाजारात येणाऱ्या राउटर, टीव्ही, कॅमेरे, सेट टॉप बॉक्स यांच्या मॉडेलांशेजारी ती ठेवली तर नगण्य आहे. आणि प्रत्येक दाव्यात वादी एकाच जातीचा: कोडवर कॉपीराइट असलेला माणूस किंवा त्याच्या वतीने बोलणारी संस्था.

ही वाट अरुंद आहे याची दोन कारणे सहज दिसतात. लिनक्ससारख्या कोडचे लेखक हजारो. त्यांपैकी एकाने न्यायालयात जायचे तर नेमक्या कोणत्या ओळी आपल्या हे सिद्ध करणे भाग पडते. लिनक्सचे विकासक क्रिस्टोफ हेलविग यांनी व्हीएमवेअर या कंपनीविरुद्ध हँबुर्गमध्ये लावलेला दावा 2016 मध्ये याच दगडावर आपटला आणि 2019 मध्ये अपीलही फेटाळले गेले. परवाना मोडला की नाही या मूळ प्रश्नापर्यंत न्यायालय पोचलेच नाही. दुसरे कारण, कॉपीराइटचे हत्यार हाती असलेला प्रत्येक जण कोडसाठीच लढतो असेही नाही. जर्मनीत लिनक्सच्या नेटफिल्टर प्रकल्पातल्या एका प्रमुख विकासकाने कंपन्यांकडून पैसे काढण्याचा सपाटा लावल्याचे आरोप झाले, आणि 2016 मध्ये त्याच्याच सहकाऱ्यांनी त्याला निलंबित केले. पण या दोन्हींपेक्षा खोल कारण तिसरे आहे. लेखकाला जे हवे असते आणि ग्राहकाला जे हवे असते, ते एक नव्हे. बिझीबॉक्सच्या दाव्यांतले एक वादी रॉब लँडली पुढे त्या मार्गाबद्दल निराश झाले. दाव्यांमुळे कंपन्यांकडून बाहेर पडलेल्या कोडमधून बिझीबॉक्समध्ये घालण्याजोगे काही मिळाले नाही, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांनी मग टॉयबॉक्स नावाचा पर्याय जवळजवळ बिनशर्त परवान्याखाली लिहिला, आणि आज तो अँड्रॉइडमध्ये आहे. लेखक म्हणून त्यांचा हिशेब चोख आहे. लेखकाला आपल्या प्रकल्पात परत येणारी सुधारणा हवी असते, आणि कंपन्यांनी घाईत ठोकून बसवलेला कोड त्या कामाचा नसतो. ग्राहकाला मात्र नेमका तोच ओबडधोबड कोड हवा असतो, कारण त्याच्या घरातले यंत्र त्याच कोडवर चालते. लेखकाच्या दृष्टीने निष्फळ ठरलेला दावा ग्राहकाच्या दृष्टीने पूर्ण यशस्वी असू शकतो. अंमलबजावणी लेखकांवर सोडली की ती लेखकांच्या हिशेबाने होते, यात नवल नाही.

हाच फरक टिव्होच्या वादात अधिक तीव्रपणे उघडा पडला. टिव्हो हे टीव्हीचे कार्यक्रम ध्वनिचित्रमुद्रित करून ठेवणारे अमेरिकी यंत्र. कंपनी लिनक्सचा कोड देत होती, पण कंपनीची डिजिटल सही नसलेले सॉफ्टवेअर यंत्र चालूच देत नसे. कोड हाती, बदल करायला मुभा, आणि बदललेला कोड बसवायची सोय नाही: सातबाऱ्यावर नाव लागले, पण शेतात जायला वाट नाही, अशी ही गत. 29 जून 2007 रोजी आलेल्या जीपीएलच्या तिसऱ्या आवृत्तीने घरगुती वापराच्या यंत्रांपुरती ही वाट मोकळी करण्याची सक्ती केली. टोरवाल्ड्स यांनी ती आवृत्ती नाकारली. मी तुम्हाला कोड दिला, तुम्ही सुधारणा मला द्या. तुमच्या यंत्राचे काय करायचे ते सांगणारा मी कोण, अशी त्यांची भूमिका. ती प्रामाणिक आहे आणि तिला लिनक्सच्या अनेक विकासकांचा पाठिंबा होता. पण ती भूमिका ज्याच्या घरी यंत्र आहे त्याची नव्हे. शिवाय दुसऱ्या आवृत्तीनेही बसवण्याच्या स्क्रिप्ट्स मागितल्या आहेतच. त्या शब्दांतून नेमका किती हक्क निघतो यावर वकिलांचे एकमत नाही, एवढेच. जर्मनीत एव्हीएम या राउटर कंपनीविरुद्ध 2023 मध्ये एका वापरकर्त्याने दावा लावला, तेव्हा भांडण अशाच न दिलेल्या स्क्रिप्ट्सचे होते, आणि कंपनीने शेवटी त्या दिल्या.

ग्राहकाला स्वतःच्या नावाने उभे करण्याचा सर्वांत सरळ प्रयत्न ऑक्टोबर 2021 मध्ये कॅलिफोर्नियात झाला. सॉफ्टवेअर फ्रीडम कॉन्झर्वन्सी या संस्थेने व्हिझिओचे टीव्ही विकत घेतले, त्यांच्या स्मार्टकास्ट प्रणालीतल्या जीपीएल सॉफ्टवेअरचा कोड मागितला, आणि तो पुरता न मिळाल्यावर कॉपीराइटधारक म्हणून नव्हे तर खरेदीदार म्हणून दावा लावला. जीपीएल हा लेखक आणि कंपनी यांच्यातला करार असेल, तर त्याचा लाभ कोणासाठी योजलेला आहे? ज्याच्या हाती सॉफ्टवेअर पडते त्याच्यासाठी. म्हणून खरेदीदार हा त्या कराराचा त्रयस्थ लाभार्थी, असा युक्तिवाद. व्हिझिओने हे प्रकरण निव्वळ कॉपीराइटचे ठरवून संघीय न्यायालयात नेले. मे 2022 मध्ये तिथल्या न्यायाधीशांनी ते राज्याच्या न्यायालयाकडे परत धाडले, कारण मूळ कोड देण्याचे वचन हे कॉपीराइटपेक्षा वेगळे, जादा असे करारातले बंधन आहे. डिसेंबर 2023 मध्ये सुनावणीआधीच दावा निकालात काढण्याची कंपनीची मागणीही नाकारली गेली. या दोन पायऱ्या अंतिम निवाड्याइतक्या भारी नाहीत. पण वीस वर्षे न बोललेला पक्षकार न्यायालयाच्या दारात उभा राहिला, एवढे त्यांनी नक्की केले. आणि टीव्हीतल्या सॉफ्टवेअरशी ग्राहकाचा संबंध काय, असे ज्यांना वाटते त्यांनी याच कंपनीचा 2017 चा इतिहास पाहावा. सुमारे 1 कोटी 10 लाख टीव्हींवरून लोक काय पाहतात याची नोंद संमतीशिवाय गोळा केल्याच्या आरोपावरून अमेरिकी फेडरल ट्रेड कमिशन आणि न्यू जर्सी राज्य यांच्याशी कंपनीने 22 लाख डॉलर भरून तडजोड केली होती.

आक्षेप आहेत, आणि त्यांतले काही वजनदार आहेत. लाखात एकालाही कोड वाचता येत नाही, मग हा हक्क कोणासाठी, हा त्यांतला सर्वांत वरवरचा. डब्ल्यूआरटी54जीचा कोड थोड्यांनी वाचला आणि पुष्कळांनी वापरला. कंपनीने वाऱ्यावर सोडलेल्या जुन्या राउटरला नवे, सुरक्षित फर्मवेअर देणारेही असेच थोडे असतात. दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा: वापरणाऱ्याला फर्मवेअर बदलू दिले तर वायफायची रेडिओ शक्ती कायद्याबाहेर वाढवली जाईल. अमेरिकेत 2015 मध्ये याच काळजीतून संचार आयोगाचे नियम असे काही आले, की कंपन्यांना परके फर्मवेअर सरसकट बंद करणे सोपे वाटू लागले. पण 2016 मध्ये त्याच आयोगाने टीपी-लिंककडून 2 लाख डॉलर घेताना कंपनीला परक्या फर्मवेअरसाठी वाट ठेवण्याचे काम करायलाही लावले. रेडिओचा भाग बांधून ठेवता येतो आणि बाकीचे मोकळे सोडता येते, हे नियामकालाच पटले. उलट 2016 मध्येच मिराई या दुष्ट प्रोग्रॅमने जी लाखो घरगुती यंत्रे ताब्यात घेतली, ती कोणी हौशी माणसाने बदललेली नव्हती. कारखान्याने घातलेल्या ठरीव पासवर्डसह विकलेले कॅमेरे आणि रेकॉर्डर होते ते. तिसरा आक्षेप मला खरोखर अडवतो. फार ताणाल तर कंपन्या जीपीएल टाकून सैल परवान्यांकडे पळतील. त्या पळालेल्या आहेत. अँड्रॉइडचे कर्नल सोडले तर त्याचा बहुतांश भाग अपाचे परवान्याखाली आहे. ॲपलने 2019 मध्ये मॅकवरचे नेहमीचे बॅश शेल बदलून झेडशेल आणले, आणि त्याआधी कित्येक वर्षे बॅशची तिसऱ्या जीपीएलखालची आवृत्ती घ्यायचे टाळले होते. यावर माझे उत्तर अर्धेच आहे. जो परवाना कधीच बजावला जात नाही त्याखाली कंपन्या राहिल्या तर ग्राहकाला काय मिळते? आणि लिनक्स कर्नलला पर्याय उभा करणे टॉयबॉक्स लिहिण्याइतके सोपे नाही. म्हणून कर्नलपुरता तरी हा हक्क अर्थपूर्ण राहील असे मला वाटते. बाकीची जमीन बरीचशी गेली आहे, हे मान्य केले पाहिजे.

हे सगळे अमेरिकेत आणि जर्मनीत चालले आहे म्हणून आपल्याला त्याचे काय, असे म्हणायची सोय नाही. भारतातले बहुसंख्य स्मार्टफोन लिनक्स कर्नलवर चालतात. 2017 मध्ये आलेल्या जिओफोनमधली कायओएस प्रणालीही त्याच कर्नलवर उभी आहे. नाव भारतीय, बोर्ड शेन्झेनचा, चिप तैवानची, अशा यंत्रांचा कोड देण्याचे बंधन नाव छापणाऱ्या विक्रेत्यावरच असते. मात्र कॅलिफोर्नियाचा युक्तिवाद इथे जसाच्या तसा आणता येणार नाही. आपल्या 1872 च्या करार कायद्यात मोबदला तिसऱ्याकडून आलेला चालतो. पण करारात पक्षकार नसलेल्याला तो बजावून घेता येत नाही. न्यास, कौटुंबिक तडजोड असे अपवाद वगळता हा नियम सर्वोच्च न्यायालयाने एम. सी. चाको विरुद्ध स्टेट बँक ऑफ त्रावणकोर या प्रकरणात 1969 मध्ये कायम केला. त्रयस्थ लाभार्थी म्हणून मुंबईत दावा लावणारा खरेदीदार बहुधा पहिल्याच पायरीवर अडेल. पण खोक्यासोबत किंवा सेटिंग्जच्या पानावर लेखी देकार असेल, तर खरेदीदाराने त्रयस्थ राहण्याचे कारणच नाही. देकार त्याला उद्देशून आहे. प्रतीचा खर्च देऊन त्याने मागणी केली की तो स्वीकार झाला, आणि कंपनी व तो यांच्यात स्वतंत्र करार झाला. शिवाय 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने सेवेतील त्रुटीच्या व्याख्येत ग्राहकापासून संबंधित माहिती जाणूनबुजून दडवणेही घातले आहे, तेव्हा ग्राहक आयोगाचे दार ठोठावून पाहायला हरकत नाही. या मांडणीतली फट मला दिसते: ज्या कंपनीने देकारच छापला नाही, तिच्यापुढे ती लंगडी पडते, म्हणजे अधिक बेदरकार वागणारा सुटतो.

ती फट बुजवायला कायद्यापेक्षा प्रशासनाकडून मला अधिक आशा आहे. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी 2022 मध्ये समिती नेमली. शेतीची यंत्रे, मोबाइल आणि टॅबलेट, घरगुती टिकाऊ वस्तू, वाहने ही तिची क्षेत्रे. कंपन्यांनी मॅन्युअल, आराखडे, सॉफ्टवेअरच्या सुधारित आवृत्त्या उपलब्ध कराव्यात आणि सॉफ्टवेअरचा परवाना वस्तूच्या पारदर्शकतेच्या आड येऊ नये, ही तिच्यापुढची भूमिका होती. परवाना म्हणताना तिथे कंपनीचा स्वतःचा, हात बांधणारा परवाना अभिप्रेत होता. त्याच यंत्रात दुसराही एक परवाना आधीपासून बसलेला आहे आणि तो ग्राहकाच्या बाजूचा आहे, हे तिथे कोणी मांडल्याचे दिसत नाही. डिसेंबर 2022 मध्ये सुरू झालेल्या दुरुस्ती हक्काच्या पोर्टलवर कंपन्या आपापल्या वस्तूंची मॅन्युअल आणि दुरुस्तीची माहिती देतात. त्या प्रत्येक मॉडेलच्या नोंदीत मूळ कोडचा पत्ता हा आणखी एक रकाना घालायला नवा कायदा लागत नाही, आणि रिकामा राहिलेला रकाना कोणालाही, कोड वाचता न येणाऱ्यालाही, दिसतो.